हातचे राखणे

मराठीत 'हातचे राखून' हा वाक्प्रयोग परस्परविरोधी मूल्यभावांनी वापरला जातो. चार पैसे हातचे राखून खर्च करणारा माणूस शहाणा ठरतो. हातचे राखून शिकवणारा मात्र कद्रू, किंबहुना अपराधी. राखण्याची क्रिया एकच, पण राखलेली वस्तू पैसा असली की ती विवेक ठरते आणि विद्या असली की पाप. या भेदामागे एक गृहीतक आहे. पैसा दिल्याने उणावतो, विद्या दिल्याने उणावत नाही, उलट वाढते. म्हणून ती न देण्याला कोणतेही समर्थन उरत नाही. संस्कृत सुभाषितांनी हे गृहीतक इतक्या वेळा घोटून घेतले आहे की ते तपासावे असेही आपल्याला वाटत नाही. परंतु वाक्प्रयोगात 'हात' आहे, हे विसरून चालणार नाही. जी विद्या पोथीत नसून हातात असते, तिच्या बाबतीत हे गृहीतक टिकते काय, असा प्रश्न प्रस्तुत निबंधात उपस्थित करावयाचा आहे.

प्रश्नाचे निमित्त साधे आहे. गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गात हौशी सुतारकामाला बरे दिवस आले आहेत. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतूनही निवृत्त प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, एखादा डॉक्टर गच्चीवरच्या खोलीत रंधा, पटाशी, गुण्या मांडून बसलेला दिसतो. या मंडळींचा एक गुण कोणाच्याही नजरेत भरेल असा आहे : ती विलक्षण उदार असतात. रंध्याचे पाते कोणत्या कोनात घासावे, सागाचा तुकडा उन्हात का तडकला, खाच आणि कुसू यांत किती सैलपणा चालतो, हे एकमेकांना सांगताना ती काहीही राखत नाहीत. अनोळखी माणसाच्या प्रश्नाला तासभर खर्चून उत्तर देतात. या औदार्याच्या पार्श्वभूमीवर मग धंदेवाईक मिस्त्रीबद्दल एक शेरा हमखास ऐकू येतो : 'ही माणसे काही सांगत नाहीत, हातचे राखतात.' हा शेरा वरवर निरुपद्रवी वाटला, तरी त्यात एक संपूर्ण नीतिशास्त्र दडलेले आहे. हौशी माणूस सद्गुणी आणि कारागीर संकुचित, असा निवाडा त्यात गृहीत धरला आहे, आणि तो निवाडा देणारा नेहमी हौशी वर्गातलाच असतो.

'हौस' हा शब्द मुळात अरबी. वासना, ओढ असा त्याचा अर्थ. मराठीने त्याला सौम्य केले आणि 'हौशी' हे विशेषण 'व्यावसायिक' या शब्दाच्या समोर उभे केले. आपल्या वाङ्मयीन चर्चेला ही जोडी चांगली परिचित आहे, कारण राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हौशी आणि व्यावसायिक रंगभूमी यांच्यासंबंधी आपण पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या चर्चेतही एक गोष्ट बहुधा अनुच्चारितच राहिली. हौशी नटाची निष्ठा निर्मळ असते ती त्याची चूल तिकीटखिडकीवर पेटत नाही म्हणून. निर्मळतेचा खर्च दुसरीकडून भागलेला असतो. हे म्हणणे निंदा म्हणून केलेले नाही. परंतु सद्गुणाची किंमत ठरवताना तो कोणत्या खात्यातून खर्ची पडला, हे पाहावेच लागते. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या चौथ्या खंडात औदार्याचा विचार करताना देणगीच्या आकाराला महत्त्व दिले नाही, देणाऱ्याच्या ऐपतीला दिले. गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाचा विचारही देश, काल आणि पात्र यांची अट घालतो. दोन्हीकडे दान हे परिस्थितीशी बांधलेले आहे. हौशी सुताराच्या औदार्याला हीच कसोटी लावली तर काय दिसते? तो वेळ देतो, लक्ष देतो. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण ज्ञान देऊन तो आपले स्थान गमावत नाही. शेजाऱ्याला उत्तम कुसू पाडता आला म्हणून त्याच्या घरी येणारे काम कमी होत नाही. कारागिराच्या बाबतीत नेमके तेच होते. विद्या उणावत नाही हे खरे. तिच्यावर चालणारे पोट उणावते. सुभाषितकर्त्याला दरबारात वर्षासन होते, त्यामुळे हा फरक त्याच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपण कारागिराचा बचाव करण्याच्या भरात त्याच्यावरचा आरोप मान्य केला, असे होईल. वऱ्हाडातील सुतार खरोखर ज्ञान लपवीत होता काय?

वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणण्याचा प्रघात आहे. बलुतेदारीच्या वर्णनांत तो आणि लोहार पहिल्या ओळीत येतात, कारण त्यांच्यावाचून कुणब्याचे पाऊल पुढे पडत नसे. नांगर, वखर, डवरा, बंडी ही त्याची निर्मिती. पण त्याच्या विद्येची खरी परीक्षा तिफणीत होई. विठ्ठल वाघांच्या कवितेमुळे तिफण वऱ्हाडाबाहेरच्या वाचकालाही ठाऊक झाली. तिची रचना मात्र फारशी कोणी पाहिलेली नसते. वर लाकडाचे चाडे, त्याच्या तळाशी तीन छिद्रे, त्यांतून निघालेले तीन पोकळ नळे आणि ते ज्यांत उतरतात ते तीन फण. मागून चालणारी बाई मुठीतून चाड्यात बी सोडते आणि ते तिन्ही फणांमागच्या तासांत पडत जाते. हे इतके साधे यंत्र आहे, आणि त्यात चुकायला इतक्या जागा आहेत! चाड्याची छिद्रे सारखी नसली की एका तासात दाट आणि दुसऱ्यात विरळ पेरा होतो. फणांमधले अंतर ठरले की पिकाच्या ओळींतले अंतर ठरले, आणि त्याबरोबरच पुढे महिनाभराने त्या ओळींतून फिरणाऱ्या डवऱ्याची रुंदीही ठरली. म्हणजे तिफण करताना डवरा मनात असावा लागतो. फणांचा तिरपेपणा आणि दांडीची ठेवण यांवर बी किती खोल जाईल हे अवलंबून. पूर्णेच्या खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत ओल एका थरात असते, मेळघाटच्या पायथ्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत दुसऱ्या. आणि खारपाण पट्ट्यातील शेतीचे गणित याहून निराळे. लाकूड बहुधा बाभळीचे, कारण ते चिवट आणि बांधावर मिळणारे. साग सुबक खरा, पण तो दारा-खिडक्यांचा मानकरी. मातीत झिजायला बाभूळच हवी. हे सारे ज्याच्या हातात आहे त्याला कोन, खोली, अंतर यांपैकी एकही शब्द वापरावा लागत नसे. मायकेल पोलान्यी यांनी १९५८ साली 'पर्सनल नॉलेज' या ग्रंथात ज्या अव्यक्त ज्ञानाची मीमांसा केली, त्याचे याहून नेमके उदाहरण त्यांना मिळाले नसते. आपल्याला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, हा त्यांचा सिद्धांत वाढयाच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे.

आता हे काम कुठे चाले, ते पाहावे. बंद खोलीत नव्हे. गावच्या एखाद्या निंबाखाली, नाही तर पुढून उघड्या असलेल्या पडवीत. मृगाच्या तोंडावर तिथे सारा गाव येऊन बसे. कोणाचा वखर, कोणाच्या बंडीचे चाक, कोणाची तिफण. वाकस चालत असताना तंबाखू मळली जाई, पावसाचे अंदाज होत, भांडणे लागत आणि मिटत. तुंबा कसा घडला, त्यात आरे कसे ठोकले, वर पुठ्ठे कसे बसले आणि लोहाराने तापवलेली धाव पाणी मारून कशी आवळली, हे गावातल्या प्रत्येक पुरुषाने आयुष्यात वीस-पंचवीस वेळा तरी पाहिलेले असे. गावातल्या सर्व ज्ञानांपैकी सर्वांत उघडे ज्ञान कोणते, असे कोणी विचारले असते तर उत्तर सुतारकी असेच द्यावे लागले असते. ज्योतिष पोथीत होते, वैदकी कुटुंबात होती, हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात होता. सुतारकी मात्र भर रस्त्यावर होती.

आणि तरीही ती कोणी शिकले नाही. पिढ्यान्‌पिढ्या समोर बसून पाहणाऱ्या कुणब्याला ती आली नाही, महाराला आली नाही. आली ती सुताराच्या पोराला, ज्याला कोणी समोर बसवून शिकवले नव्हते. येथे 'राखणे' या कल्पनेचा आपला अर्थच बदलावा लागतो. ज्ञान लपवलेले नव्हते. पाहण्याला शिकण्यात बदलणारी जी एक गोष्ट, म्हणजे हत्यार हातात घेण्याचा आणि लाकूड नासण्याचा अधिकार, ती जन्माने वाटलेली होती. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलेले सूत्र आपण बहुधा आर्थिक-सामाजिक अर्थाने वाचतो. ज्ञानमीमांसेच्या अंगाने वाचले तर ते अधिकच तीव्र होते : ही विभागणी डोळ्यांचीही आहे. एकाच पडवीत बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला जे दिसते तो धडा, दुसऱ्याला जे दिसते तो नुसता देखावा. एकलव्याची कथा या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. त्याने देखाव्याचा धडा करून दाखवला. म्हणून न दिलेल्या विद्येची दक्षिणा त्याच्याकडून वसूल झाली, आणि तीही नेमकी हातातून.

तेव्हा वैयक्तिक सुताराला कंजूष म्हणणे अप्रस्तुत आहे. पण म्हणून तो उदार होता असेही नव्हे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या वतनी हमीवर कठोर टीका केली आहे. ग्राहक बांधलेला, मोबदला खळ्यावर ठरलेला, तेव्हा कसब वाढवण्याची गरज कोणाला, असा त्यांचा रोख आहे. आत्र्यांची दृष्टी बरीचशी कुणब्याच्या बाजूची आहे आणि बलुतेदाराची अगतिकता तीत पुरेशी उमटत नाही, असे माझे मत आहे. गावाबाहेर जाण्याची मुभा नसलेल्याला गावात आळस केल्याबद्दल दोष देणे सोपे असते. तथापि त्यांच्या निरीक्षणातून आपल्या प्रश्नाला उपयोगी असा एक मुद्दा हाती लागतो. बलुत्यात वस्तूला किंमत नव्हती, माणसाला वाटा होता. तिफण किती तासांत झाली आणि तीत किती विद्या ओतली, याचा हिशेब कोणी मांडत नसे. ज्या व्यवहारात ज्ञानाला वेगळी किंमतच नाही, तिथे ज्ञान देणे हे दान होऊ शकत नाही आणि न देणे हे राखणे होऊ शकत नाही. औदार्य आणि कार्पण्य, दोन्ही बाजाराबरोबर येतात. अठराशे साठच्या दशकात अकोल्यावरून नागपूरपर्यंत लोहमार्ग गेला, कापसाचा पैसा खेळू लागला, लाकडालाही भाव आला. त्या नव्या व्यवहारात सुतार रोजावर आला आणि त्याच्या विद्येला प्रथमच दर लागला. 'हातचे राखणे' हा आरोप त्याच्यावर करता येऊ लागला तो त्यानंतर. ज्या सद्गुणाची आपण त्याच्याकडे मागणी करतो, तो त्याच्या इतिहासात फार उशिरा शक्य झालेला सद्गुण आहे.

ज्ञान खरोखर लपवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर सुताराकडे नव्हे, आपल्याच वाङ्मयेतिहासाकडे वळावे लागते. आणि योगायोगाने तेही वऱ्हाडातच. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे काशी. म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते याच परिसरात, तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. हा ग्रंथ कसा झाला हे अभ्यासकांना नव्याने सांगायला नको : ज्याच्याजवळ चक्रधरांची जी आठवण होती, ती त्याच्याकडे जाऊन मागून घेणे आणि नागदेवाचार्यांकडून ताडून पाहणे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ हा मुळात अनेकांच्या ज्ञानाची वर्गणी आहे. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि तो पुन्हा स्मरणातून, पुन्हा अनेकांच्या वर्गणीनेच उभा राहिला. त्याच्या पाठभेदांचे मूळ तिथे आहे. संस्कृतात लिहिल्यास साध्या बायाबापड्या वंचित होतील, ही नागदेवाचार्यांची चिंता प्रसिद्धच आहे. ज्ञान सर्वांना पोचावे म्हणून भाषा निवडणारा हा पंथ. आणि याच पंथाने पुढच्या शतकात आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. जवळजवळ सहाशे वर्षे ते बाहेरच्यांना अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांच्या काळात ही कुलुपे उघडली आणि मराठी वाङ्मयाचा आरंभच नव्याने लिहावा लागला.

महानुभावांना कृपण म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. छळ, विटंबना, अर्थाचा विपर्यास यांची त्यांना भीती होती, आणि ती निराधार नव्हती. दिलेल्या ज्ञानावर देणाऱ्याचा ताबा राहत नाही. ते कोणाच्या हाती कसे वाकेल हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून ज्याला आपले ज्ञान प्राणांपलीकडे प्रिय आहे, तो ते राखतो. राखण्याचे हे कारण धंद्याच्या कारणाहून निराळे आहे, आणि माझ्या मते अधिक आदरणीय. पण त्याची किंमतही पाहिली पाहिजे : ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठी निवडली, त्यांच्यापुरतीच ती उरली, बाकी महाराष्ट्राला आपले पहिले गद्य सहाशे वर्षे वाचता आले नाही. सुताराने एकही अक्षर लपवले नाही आणि त्याची विद्या पसरली नाही. महानुभावांनी अक्षर न्‌ अक्षर लपवले आणि त्यांची विद्या टिकली. उघडेपणा आणि प्रसार यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, एवढे तरी यावरून दिसते.

मग ज्ञान देणाऱ्याच्या वाट्याला काय यावे? मार्सेल मोस यांनी १९२५ साली दानाचा अभ्यास करताना दाखवले की कोणतीही भेट परतफेडीचे बंधन घेऊनच येते. देरिदा यांनी १९९१ मध्ये याच धाग्याला शेवटपर्यंत ताणले : भेट ही भेट म्हणून ओळखली गेली की ती ऋण होते, म्हणून निखळ भेट अशक्य आहे. हे विवेचन तल्लख आहे. पण ते वाचताना मला नेहमी वाटते की ज्यांच्या भेटी ओळखल्या जातात अशांचीच ही अडचण आहे. ज्याचे देणे कधी देणे म्हणून नोंदलेच गेले नाही, त्याच्या बाबतीत देरिदांची अट आपोआप पुरी होते, आणि ती अशी पुरी व्हावी ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण येथे घेणे भाग आहे. वस्तू लाकूड नाही, धान आहे. पण बियाणे हे ज्ञानाच्या सर्वांत जवळचे द्रव्य आहे, दिल्याने न उणावणारे आणि पेरल्याने वाढणारे. या अल्पभूधारक शेतकऱ्याने अठराशे नव्हे, अगदी अलीकडच्या, १९८३च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या निवडल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या आणि त्यांतून जे वाण तयार झाले ते 'एचएमटी' या नावाने, त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावाने, दूरवर पसरले. बियाणे त्यांनी मागेल त्याला दिले. १९९८ साली अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केले, तेव्हा ते आपल्याच बियाण्यावरून झाल्याचे आणि त्याचे श्रेय आपल्याला मिळाले नसल्याचे खोब्रागडे यांचे म्हणणे होते. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी ते वारले, आणि अखेरची वर्षे त्यांनी ओढगस्तीत काढली. विद्यापीठाची शास्त्रीय बाजू काय होती, शुद्ध निवड आणि मूळ निवड यांत भेद कसा करावा, हा वाद तज्ज्ञांचा आहे. मला लक्षणीय वाटते ते खोब्रागडे यांच्या तक्रारीचे स्वरूप. बी पसरले याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ते इतरांनी फुकट पेरले, विकले, याबद्दलही त्यांचा मुख्य आक्षेप नव्हता. नाव पुसले गेले, हा आक्षेप होता. म्हणजे देणाऱ्याने वस्तूवरचा ताबा सोडला होता. 'हे मी दिले' एवढे वाक्य तेवढे त्याने स्वतःजवळ ठेवले होते. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याच्या बियाणे राखण्याच्या व देवघेवीच्या हक्काबरोबरच तो वाण घडवणाराही असू शकतो हे मान्य केले, ते याच वाक्याला कायद्याची भाषा देण्याचा प्रयत्न म्हणून वाचता येते. श्रेय हा दानाचा मोबदला नव्हे. ते दानाचे व्याकरण आहे : कर्ता काढून टाकला की 'दिले' हे क्रियापद उरत नाही, 'मिळाले' एवढेच उरते.

या जागेवरून हौशी सुताराकडे पुन्हा वळता येते. तो शिकला कोणाकडून? ग्रंथांतून, असे तो म्हणेल, आणि ते अंशतः खरे आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १६७७-७८ पासून कारागिरीची गुपिते पुस्तिकांतून छापायला सुरुवात केली; फ्रान्समध्ये दिदरोच्या विश्वकोशाने कार्यशाळांची चित्रे छापली. पण मॉक्सन छापखानेवाला होता, दिदरो लेखक. स्वतः सुतार असलेल्या आंद्रे रूबोने १७६९ ते १७७५ या काळात आपल्या विद्येचे भलेमोठे खंड चित्रांसह प्रसिद्ध केले, तेव्हा पहिल्यांदा हाताने स्वतःबद्दल एवढ्या विस्ताराने लिहिले. ती परंपरा आजच्या हौशी माणसापर्यंत पोचली आहे. परंतु अमरावतीतल्या माणसाने रंध्याला धार लावणे प्रथम पाहिले ते बहुधा रूबोच्या पुस्तकात नव्हे. घरी कपाट करायला आलेल्या मिस्त्रीपाशी चहाचा कप घेऊन उभे असताना पाहिले. लाकडाचा उभा-आडवा रेषा कसा ओळखावा, खिळा ठोकण्यापूर्वी त्याचे टोक का बोथट करावे, हे त्याला त्या चार दिवसांत कळले. मिस्त्रीने काही राखले नाही. विचारले तेवढे सांगितले, न विचारलेलेही हाताने दाखवले. पुढे हीच विद्या हौशी मंडळींमध्ये हातोहात फिरते, प्रत्येक हस्तांतरणाला आभार मानले जातात, आणि पहिल्या दात्याचे नाव पहिल्याच फेरीत गळून पडते. या मंडळींचे औदार्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण उदारपणे वाटल्या जाणाऱ्या त्या भांडवलात दुसऱ्याची ठेव मिसळलेली आहे, आणि ठेव ठेवणाऱ्यालाच वर कंजूष म्हटले जात आहे.

तथापि हौशी माणसाचे एक देणे अस्सल त्याचे स्वतःचे आहे, आणि ते मान्य केले नाही तर हा निबंध एकांगी होईल. तो आपल्या चुका देतो. कोणता सांधा निखळला, कोणती फळी वाकडी कापली गेली, किती लाकूड वाया गेले, हे तो मोकळेपणाने, क्वचित चवीने सांगतो. धंदेवाईकाला हे परवडत नाही. त्याची चूक ही त्याच्या रोजावरचा डाग असते, आणि पूर्वीच्या सुताराची चूक म्हणजे कोणाच्या तरी हंगामाचे नुकसान. लाकूड नासण्याचा अधिकार, ज्याच्यामुळे पडवीतले पाहणे शिकणे होत असे, तो हौशी माणसाला पैशाने मिळाला आहे, आणि त्या अधिकाराचे फळ, म्हणजे नासण्याचा वृत्तांत, तो सर्वांना वाटतो. कारागिरीच्या परंपरेत ही खरोखरच नवी भर आहे. शास्त्रग्रंथांनी बरोबर कसे करावे हे सांगितले, पडवीने ते दाखवले. चुकले कसे हे सांगण्याची प्रथा मात्र दोन्हीकडे नव्हती.

जात आणि हात यांची ही गाठ सोडवण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. वर्ध्याला १९३७ साली मांडल्या गेलेल्या नयी तालीमने हस्तोद्योग हा सर्वच मुलांच्या शिक्षणाचा पाया मानला. म्हणजे पडवीत कोणालाही बसू दिले आणि हत्यारही हाती दिले. ती योजना का ओसरली हा वेगळा विषय आहे. पालकांना आपल्या मुलांच्या हाती करवत नको होती, लेखणी हवी होती, हे एक कारण, आणि ज्यांच्या हाती शतकानुशतके करवतच होती त्यांच्याबाबतीत ते समर्थनीयही होते. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने बुरुडांचे मानले गेलेले काम कोरकू तरुणांपर्यंत नेले. हौशी मंडळींच्या वर्तुळात अशा केंद्रातून शिकलेला माणूस आणि घरी आलेला मिस्त्री विद्यार्थी म्हणून नव्हे, गुरू म्हणून, नावानिशी बसलेले मी तरी अद्याप पाहिलेले नाहीत.

लाकडी तिफण आता शेतातून जवळजवळ गेली. ट्रॅक्टरमागचे लोखंडी पेरणीयंत्र आले, आणि जुनी तिफण उपाहारगृहाच्या भिंतीवर किंवा एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात शोभेला लागली. अशी एखादी मोडकी तिफण आणून तिची हुबेहूब नवी करावी, असे एखाद्या हौशी सुताराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो गुण्या लावील, फणांतले अंतर मोजील, कोन कागदावर उतरवील आणि तो कागद मागेल त्याला देईल. पण कोन नेमका हाच का, असा प्रश्न त्याला पडला आणि तो एखाद्या म्हाताऱ्या वाढयाकडे गेला, तर म्हातारा ती तिफण हातात घेऊन उलटीसुलटी करील, फणाच्या टोकावर अंगठा फिरवील, आणि उत्तर देण्याआधी विचारील : वावर कोणतं होतं?